नाणेपेटी : सिंहाचं नाक आधी झिजतं

या खेपेला पत्रं जास्त आली आणि बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : झीज. मला मनापासून आनंद झाला. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात पस्तीस वर्षं मी प्रेसच्या डाय, म्हणजे धातूवर दाबायचे साचे, बनवल्या आणि दुरुस्त केल्या. धातूवर धातू घासला की काय होतं, हे माझ्या बोटांना नाणी जमवायच्या आधीपासून ठाऊक आहे. म्हणून आज किमतीची पत्रं मागे ठेवली आणि ही पुढे घेतली.

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे. आजीच्या पत्र्याच्या डब्यात रुपयाची नाणी सापडली. १९७५ सालचे मोठे रुपये साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत लागतात. १९९४ चा रुपया मात्र अजून तसाच आहे, त्यावर फक्त ओरखडे आहेत. वीस वर्षांच्या फरकाने एवढं होतं का?
— एक विद्यार्थिनी, कसबा बावडा

उत्तर : बाळ, फरक नुसत्या वर्षांचा नाही, जातीचा आहे. घरात फ्रिजला लावलेलं लोहचुंबक असेल ते काढ आणि दोन्ही नाण्यांना लावून बघ. १९९४ चा रुपया टपकन चिकटेल, १९७५ चा चिकटणार नाही. मोठा रुपया तांबं-निकेलचा आहे : शंभरात पंचाहत्तर भाग तांबं, पंचवीस भाग निकेल. वजन ८ ग्रॅम, व्यास २८ मिलिमीटर. १९८३ पासून तोच धातू ठेवून रुपया ६ ग्रॅमचा झाला, आणि १९९२ पासून स्टेनलेस स्टीलचा आला, वजन ४.८५ ग्रॅम. हे स्टील म्हणजे लोखंड आणि सुमारे सतरा टक्के क्रोमियम. आजीला विचार, हे तिन्ही रुपये तिने एकाच पिशवीत वापरलेत. ती तुला वजनाचा फरक हातानेच सांगेल.

तांबं-निकेल मऊ मनाचं. घासलं की हळूहळू, सगळीकडून, सारखं झिजतं, म्हणून तुला साबणाच्या वडीची आठवण झाली. उपमा अगदी बरोबर आहे. स्टील तसं झिजत नाही. ते ओरखडे घेतं, कडेला ठेच लागली तर खूण धरून ठेवतं, पण त्यावरचा सिंह सहजासहजी सपाट होत नाही. याची किंमत स्टीलने आधीच मोजलेली असते : धातू कडक, त्यामुळे ठसा उथळ. १९७५ च्या रुपयावर सिंहाची आयाळ जेवढी उठून दिसते, तेवढी स्टीलच्या रुपयावर नव्या कोऱ्या नाण्यातही दिसत नाही. दोन नाणी शेजारी ठेवून खिडकीच्या तिरप्या उजेडात बघ. वरून दिवा लावून बघू नकोस, त्यात काही कळत नाही.

आता झीज कुठून सुरू होते ते सांगतो. नाण्याच्या कडेला जो उंच काठ असतो तो शोभेसाठी नाही. नाणं टेबलावर पडलं, दुसऱ्या नाण्यावर बसलं, तर भार काठाने घ्यावा आणि चित्र वाचावं म्हणून तो असतो. काठ झिजून चित्राच्या पातळीला आला की मग चित्राचा जो भाग सगळ्यांत उंच, तो उघडा पडतो. आपल्या नाण्यांवर हा मान मधल्या सिंहाचा. आधी त्याचं नाक जातं. मग छातीवरची आयाळ, तिच्या बटा एकमेकींत मिसळून एक पट्टा होतो. मग बाजूच्या दोन सिंहांचे गाल. खालच्या पट्टीवरचं चक्र, घोडा आणि बैल मात्र बरेच दिवस टिकतात, कारण ते वरच्या सिंहांच्या आडोशाला आहेत. माझ्याकडे एक रुपया आहे ज्यावर सिंहांची तोंडं पार पुसली गेली आहेत, तरी बैल उभा आहे. मी तो रोज एकदा तरी बघतो.

झिजवतं कोण, हाही प्रश्न तू पुढे विचारशीलच. बोटं फार कमी. नाणं नाण्याला झिजवतं : गल्ल्यात, कंडक्टरच्या चामडी पिशवीत, बँकेच्या थैलीत. आणि त्यांच्यामध्ये धूळ असली तर ती पॉलिश पेपरचं काम करते. आमच्या उद्यमनगरात फाउंड्रीत काम करणाऱ्यांच्या खिशात नेहमी वाळूची कणी असायची. ती वाळू म्हणजे सिलिका, तांबं-निकेलपेक्षा कितीतरी कठीण. शनिवारी पगार झाला की चहाच्या टपरीवर जमलेली चिल्लर मी न्याहाळायचो. मोल्डिंगवाल्यांच्या खिशातला रुपया त्याच सालच्या इतर रुपयांपेक्षा जास्त म्हातारा दिसायचा. तेव्हा मला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण डोळ्यांना कळत होतं.

गुजरीतल्या एका ओळखीच्या सराफाच्या काट्यावर माझा सर्वांत झिजलेला १९७५ चा रुपया ७.७ ग्रॅम भरला. ऐकायला फार वाटत नाही. पण रुपया तो, त्यातला जवळपास एक आणा... नाही, अर्ध्या आण्याहून जास्त धातू लोकांच्या हातात, खिशात, रस्त्यावर राहिला. एक सावधगिरी मात्र ठेव : टांकसाळीतून निघतानाही प्रत्येक नाणं तंतोतंत ८ ग्रॅमचं नसतं, थोडा कमी-जास्तपणा मंजूर असतो. म्हणून एका नाण्याच्या वजनावरून निष्कर्ष काढू नकोस. दहा नाणी एकत्र तोल आणि दहाने भाग.

तुझ्यासाठी एक काम सुचवतो, आणि माझ्या मते कोऱ्या नाण्यांच्या संग्रहापेक्षा हे काम जास्त शिकवतं. एकाच सालचे, एकाच टांकसाळीचे (तिची खूण वर्षाखाली असते, ती कशी ओळखायची ते पुढे सांगितलं आहे) पाच-सहा रुपये शोध आणि कमी झिजलेल्यापासून जास्त झिजलेल्यापर्यंत एका ओळीत मांड. बाजारात व्यापारी यांनाच यूएनसी (म्हणजे कोरं), मग उतरत्या क्रमाने एक्सएफ, व्हीएफ, फाइन अशी नावं देतात. ती नावं पाठ करण्याआधी ओळ मांड. नावं आपोआप समजतील.

प्रश्न : माझ्याकडे १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया आणि १९९९ चं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं आहे. देव्हाऱ्यात ठेवायची म्हणून चिंच आणि भांड्याच्या पावडरीने लख्ख केली. भाचा म्हणाला, मावशी, तू नाणी मारलीस. खरं आहे का? आता काय करू?
— एक गृहिणी, इचलकरंजी

उत्तर : ताई, भाच्याने शब्द कडक वापरला, पण म्हणणं खोटं नाही. देव्हाऱ्यासाठी ठेवली आहेत ना, मग तिथेच ठेवा, मन खट्टू करू नका. तांब्याचा गडवा चिंचेने घासतो तशी नाणीही घासायची, हे आपल्या हाताला लहानपणापासूनचं वळण आहे. संग्रहाच्या दृष्टीने मात्र ती आता वेगळी नाणी झाली.

काय होतं ते असं. टांकसाळीत ठसा बसताना धातू डायच्या तोंडावरून बाहेरच्या बाजूला सरकतो आणि त्याच्या अतिशय बारीक रेघा पृष्ठभागावर उमटतात. कोऱ्या नाण्याला हातात फिरवलं की जी चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, ती या रेघांची. पावडर त्या रेघा खरवडून काढते. नाणं चमकतं, पण ती चमक घासलेल्या पातेल्याची असते. चिंचेतलं आम्ल वरचा जुना थर काढतं, आणि तांबं-निकेलचं नाणं आंबटात जास्त वेळ राहिलं तर ते किंचित तांबूस, निस्तेज पडतं. गेलेला थर परत येत नाही.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. मी नोकरीला लागलो त्या साली वडिलांनी मला १९६२ चा निकेलचा रुपया दिला होता, दहा ग्रॅमचा, जाड, देखणा. त्यांना तो त्यांच्या पहिल्या पगारात मिळाला होता. मला तो काळपट वाटला. जेवणाच्या सुट्टीत मी तो बफिंगच्या चाकावर धरला. दहा सेकंद. आरशासारखा झाला आणि सिंहांचे चेहरे गेले. संध्याकाळी वडिलांना दाखवला तर ते काही बोलले नाहीत, नाणं हातात घेऊन बराच वेळ अंगठ्याने चाचपत राहिले. तो रुपया माझ्याकडे अजून आहे. त्याच्यामुळेच मी नाण्यांकडे वळलो आणि त्याच्यामुळेच प्रत्येक अंकात एकदा तरी लिहितो : घासू नका.

मग मळ लागलेलं नाणं आलं तर? बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, त्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवा, बाहेर काढून मऊ सुती कापडावर नुसतं टेकवा. चोळायचं नाही. चिकट डाग असेल तर साधं अॅसिटोन, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब. नेलपॉलिश काढायचं सुगंधी पाणी नको, त्यात तेल आणि रंग असतात. एवढ्याने निघेल तेवढाच मळ काढायचा.

जोतिबाच्या यात्रेतून आलेल्या नाण्यांबद्दल पूर्वी दोघांनी विचारलं होतं, त्यांनाही इथेच सांगतो. अक्षरांच्या खोबणीत गुलाल बसलेला असतो. मी तो काढत नाही. ते नाणं जोतिबाच्या वाडी रत्नागिरीला जाऊन आलं, ही त्याची हकिगत आहे. पंचगंगेच्या पात्रातून पोरं काढतात त्या नाण्यांचं वेगळं. स्टीलचं नाणं गाळात वर्षानुवर्षं पडलं की त्यालाही तपकिरी डाग पडतात, तांबं-निकेल हिरवट काळं होतं, अॅल्युमिनियमच्या दहा-वीस पैशांना तर पांढऱ्या पुळ्या येऊन खड्डे पडतात. ती झीज नव्हे, तो गंज. झिजलेलं नाणं माणसांत राहिलेलं असतं, गंजलेलं नाणं एकटं पडलेलं असतं. दोन्ही जमवा, पण एका पाकिटात ठेवू नका.

आणि ताई, पुढच्या नाण्यांसाठी ते स्वस्त, वास येणारे, मऊ प्लास्टिकचे अल्बम घेऊ नका. त्या पीव्हीसीतून कालांतराने जे सुटतं त्याने तांबं-निकेलवर हिरवा चिकट थर धरतो. आपल्या पावसाळ्यात तर लवकरच. कागदी पाकीट बरं, आणि डब्यात बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी.

प्रश्न : वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतात असा व्हिडिओ आला. त्यांनी नोंदणीसाठी आधी पैसे भरायला सांगितलेत. भरू का?
— एक वाचक, कागल

उत्तर : एक रुपयाही भरू नका. ही नाणी २०१२ सालची आहेत, चलनात आली होती, आणि गल्ल्यात सापडलेल्या वापरलेल्या नाण्याला लाखो रुपये कुणी देत नाही. जो विकत घेणार तो तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या नावाने फी, कमिशन, कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. पैसे आधीच गेले असतील तर लाजू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

प्रश्न : मी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो. मला पाच रुपयांचं जुनं जाड नाणं मिळालं. सिंहाचं तोंड सपाट आहे, पण बाकी नाणं नव्यासारखं चमकतं. हे झिजलेलं म्हणायचं का? शिवाय वर्षाखालची टांकसाळीची खूण गोल आहे की पत्त्यांतल्यासारखी चौकट, तेच कळत नाही.
— एक तरुण वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : वा! गड्या, हा प्रश्न आमच्या धंद्यातला. सविस्तर लिहितो.

डायमध्ये चित्र खोदलेलं असतं. नाण्यावर जी जागा सगळ्यांत उंच, ती डायमध्ये सगळ्यांत खोल. प्रेसचा दाब थोडा कमी पडला, ठसा बसायच्या आधीची कोरी चकती थोडी पातळ असली किंवा भट्टीत पुरेशी नरम झाली नसली, की धातू त्या खोल कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे सिंहाचं नाक टांकसाळीतून निघतानाच अर्धवट असतं. आणि झीजही नेमकी त्याच जागेला आधी लागते. दोन वेगळी कारणं, एकच जागा. म्हणून भले भले फसतात.

ओळखायचं कसं? दहापटीचं भिंग घे. ठसा कमी बसला असेल तर त्या सपाट जागी मूळ चकतीची कातडी दिसेल : खरखरीत, बारीक ठिपक्या-खड्ड्यांची. आणि तिच्या भोवतीची चमक अखंड असेल. झीज असेल तर तीच जागा गुळगुळीत, जराशी तेलकट दिसते, तिचा रंगही आजूबाजूपेक्षा वेगळा लागतो, आणि मैदानावर, म्हणजे चित्राभोवतीच्या मोकळ्या जागेवर, चमक तुटलेली असते. तू लिहिलंस त्यावरून तुझं नाणं कमी दाबाचं वाटतं. बाजूची कडही बघून घे. १९९२ ते २००४ मधलं हे तांबं-निकेलचं पाच रुपयांचं नाणं ९ ग्रॅमचं, आणि त्याच्या जाड कडेला मधोमध खोबण आहे. नाणं खरंच फिरलेलं असेल तर खोबणीच्या दोन्ही बाजूंचे दाते बोथट झालेले असतील. दाते नखाला लागत असतील तर ते फार हिंडलेलं नाही.

तिसरी एक शक्यता तुला लगेच पटेल, कारण ती तू रोज बघतोस : झिजलेलं नाणं नव्हे, झिजलेली डाय. हजारो चकत्या डायच्या तोंडावरून बाहेरच्या बाजूला सरकतात आणि तिला त्याच दिशेने खात जातात. मग काठाजवळची अक्षरं पसरट होतात, काठाकडे ओढल्यासारखी. मैदान संत्र्याच्या सालीसारखं दिसतं. असं नाणं पहिल्या दिवसापासून म्हातारं दिसतं, पण ते कोरंच असतं. लोक टाकून देतात. मी ठेवतो, कारण त्यात मला त्या प्रेसवरच्या माणसाचा दिवस दिसतो. डाय बदलायची वेळ झाली होती आणि काम थांबवता येत नव्हतं. ती घाई मी स्वतः किती वेळा केली आहे.

आता वर्षाखालची खूण. मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नाही. चौकटीचे कोपरे झिजले की ती ठिपका दिसते आणि मुंबईचं नाणं नोएडाचं ठरतं. ही चूक मी जाणत्यांच्या अल्बममध्येही पाहिली आहे. एक पक्की गाठ बांध : नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या सालच्या नाण्यावर ठिपका दिसला तर तो नोएडाचा असूच शकत नाही. नंतरच्या सालासाठी भिंगाखाली नाणं हळूहळू फिरव. चौकट कितीही झिजली तरी तिचं वरचं किंवा खालचं एखादं टोक सावली टाकतं. ठिपक्याची सावली सगळीकडून सारखी. आणि १९८५ च्या रुपयावर कधी एच हे इंग्रजी अक्षर दिसलं तर बाजूला काढ. तो बर्मिंगहॅममध्ये पाडून आणलेला आहे, त्या वर्षी बाहेरूनही नाणी पाडून घेतली होती.

प्रश्न : मी भाजी विकते. गिऱ्हाईक गुळगुळीत झालेली नाणी देतं आणि तीच मी सुट्टे म्हणून परत दिली की घेत नाही. ही नाणी चालतात की नाही? पन्नास पैसे, चार आणे पण आहेत डबाभर.
— एक भाजीवाल्या मावशी, कपिलतीर्थ मार्केट (पत्र नातवाने लिहिलं आहे)

उत्तर : मावशी, चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ती नातवाला द्या, त्यातलं गेंड्याचं पंचवीस पैशांचं नाणं त्याला आवडेल. पन्नास पैसे अजून कायद्याने चालतात, मात्र दहा रुपयांपर्यंतच. रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत. नाणं मुद्दाम विद्रूप केलेलं नसावं आणि ठरवलेल्या वजनापेक्षा जास्त घटलेलं नसावं, एवढीच कायद्याची अट आहे. हाताळून गुळगुळीत झालं म्हणून ते बाद होत नाही. दहाच्या नाण्याबद्दलही तसंच : रुपयाचं चिन्ह असलेलं आणि नसलेलं, सगळी चालतात, रिझर्व्ह बँकेने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. तरी कुणी घेतच नसेल तर बँकेत भरा.

पण भरण्याआधी माझं एक काम करा. दोन रुपयांचं ते अकरा कोपऱ्यांचं, भारताच्या नकाशाचं नाणं आठवतं ना? त्याचे कोपरे झिजून झिजून ते गोल व्हायला लागतं. माझ्या ओळीत पहिलं आहे, मधली चार आहेत, पण जवळपास गोल झालेलं शेवटचं अजून मिळालेलं नाही. तुमच्या गल्ल्यात तसं दिसलं तर बाजूला ठेवा. मी दर गुरुवारी सकाळी मेथी-पोकळ्यासाठी तुमच्याच रांगेत येतो. बदली कोरं नाणं देईन आणि भाजी तुमच्याकडूनच घेईन.